एका प्याद्याची किंमत

बुद्धिबळाच्या पटावर फुकटचे प्यादे दिसले की कोणाला मोह होत नाही? आपल्या जुन्या वाड्यांतून देशी पद्धतीचे डाव रंगत, तेव्हा प्यादे सहसा एकेक घरच चाले आणि ते जपण्यातच शहाणपण मानले जाई. विलायती खेळात मात्र प्यादे मुद्दाम देऊन वेळ विकत घेण्याची एक जुनी रीत आहे. कॅप्टन एव्हान्स या वेल्श दर्यावर्द्याने ती १८२० च्या दशकात काढली. चौथ्याच खेळीला वजिराच्या बाजूचे एक प्यादे दोन घरे सारून काळ्या उंटाच्या तोंडी द्यायचे आणि तो ते खाण्यात गुंतला की पटाचा मध्य काबीज करायचा. पुढे लास्करने त्यावर चांगला बचाव दाखविला आणि मोठ्या स्पर्धांतून हा प्रकार मागे पडला.

असे असताना १९९५ साली रीगा येथे, मिखाईल ताल या हल्लेखोर जगज्जेत्याच्या स्मरणार्थ त्याच्याच जन्मगावी भरलेल्या स्पर्धेत, पांढरी मोहरी घेऊन बसलेल्या गॅरी कास्पारोव्हने आपल्या विश्वनाथन आनंदपुढे हेच प्यादे टाकले.

तो डाव मी पटावर अनेकदा मांडून पाहिला आहे. दर वेळी माझी नजर आनंदच्या एका उंटावर खिळते. त्याने प्यादे खाल्ले, लगेच माघार घेतली आणि एकविसाव्या खेळीला तो मुकाट्याने आपल्या मूळ घरी जाऊन बसला! आनंदच्या चोवीस खेळ्यांपैकी अकरा घोड्यांच्याच झाल्या. दोन्ही हत्ती अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत. पंधराव्या खेळीला कास्पारोव्हने उंट पुढे घालून किल्लेकोटाची वाट अडविली. आनंदने आणखी एक प्यादे घेतले, परंतु राजा मध्येच अडकून राहिला. बाविसाव्या खेळीला वजिराचा शह बसला. पंचविसाव्या खेळीला पांढरा हत्ती राजाच्या शेजारच्या पट्टीत येताच आनंदने डाव सोडला.

एकेक खेळी सुटी पाहिली तर आनंदचे वागणे समंजसच वाटते. हिशेब चुकला तो वेळेचा, असे माझे मत आहे. तथापि तो या पराभवाने खचला नाही. २००७ साली तो निर्विवाद जगज्जेता झाला.

घरी मुले पट मांडून बसत असतील, तर हा डाव त्यांच्याकडून अवश्य खेळवून घ्यावा. मारलेली प्यादी मोजून झाली, की घराबाहेर पडलेली मोहरीही त्यांना मोजायला सांगावीत.