तारणासाठी काय आवश्यक आहे? ख्रिस्ती परंपरांची भिन्न उत्तरे आणि आपली श्रद्धा

“तुमचे तारण झाले आहे काय?” हा प्रश्न आपल्या भागातील कॅथलिक कुटुंबांना आता नवीन राहिलेला नाही. कधी एखादा प्रचारक तो विचारतो, कधी दुसऱ्या मंडळीत जाणारा जवळचा नातेवाईक. विचारणाऱ्याचा हेतू बहुधा प्रामाणिक असतो. परंतु बालपणी बाप्तिस्मा झालेला आणि नेमाने मिस्साला जाणारा भाविक ह्या प्रश्नाने गोंधळून जातो. ‘झाले आहे’ म्हणावे तर ते गर्वाचे वाटते. ‘ठाऊक नाही’ म्हणावे तर आपल्या श्रद्धेत काही उणे आहे, असे समोरच्यास वाटते. ह्या गोंधळातून कधी पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची तयारी होते आणि एका घराची दोन घरे होतात. म्हणून निरनिराळ्या ख्रिस्ती परंपरा तारणाविषयी काय शिकवितात आणि आपली ख्रिस्तसभा काय शिकविते, हे शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे.

एकाच नात्यात अनेक मंडळ्या

आष्टी तालुका बीड जिल्ह्यात व म्हणून औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. पण त्याची हद्द नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला भिडलेली आहे. बाजार, दवाखाना, शिक्षण आणि सोयरिकी ह्यांमुळे आष्टीकरांचा नगरशी जुना संबंध आहे. २०२२ साली न्यू आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाल्यावर तो आणखी सुकर झाला.

नगर हे मराठी ख्रिस्ती इतिहासातील मोठे केंद्र होय. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तेथे काम सुरू केले आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. ह्या मिशनची परंपरा सुधारणावादी प्रॉटेस्टंट होती. पुढे अँग्लिकन मिशनही आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूसंघीय धर्मगुरूंनी त्याच जिल्ह्याच्या खेड्यांत कॅथलिक धर्मग्राम उभे केले. हरेगावची मतमाउलीची यात्रा हे त्या श्रद्धेचे आज सर्वांस परिचित असलेले रूप आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट इत्यादी परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यानंतर पेंटेकॉस्टल व स्वतंत्र प्रार्थनागटही वाढले. परिणामी एकाच नात्यात मावशी एका मंडळीत, मामा दुसऱ्या मंडळीत आणि सून तिसऱ्या मंडळीतून आलेली, असे चित्र दिसते. लग्नात व अंत्यविधीत ही सर्व मंडळी एकत्र बसतात आणि मतभेदाचा प्रश्न तेथेच पुढे येतो.

मतभेद नेमका कोठे आहे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. येशू ख्रिस्ताचा क्रूसावरील मृत्यू आणि पुनरुत्थान ह्यांमुळेच मनुष्याचे तारण होते, ह्याविषयी ह्या परंपरांत मतभेद नाही. मतभेद आहे तो ते तारण मनुष्याच्या जीवनात कसे उतरते, ह्याविषयी.

१५१७ नंतर मार्टिन ल्यूथर ह्यांनी असे प्रतिपादन केले की, मनुष्य केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो. सत्कर्मे निरुपयोगी आहेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सत्कर्मे ही विश्वासाची फळे आहेत, मूळ नव्हेत, असे ते मानीत. ह्या मतास मुख्य आधार संत पौलाच्या रोमकरांस व गलतीकरांस पत्रांचा. कॅल्विनची परंपरा देवाच्या निवडीवर भर देते. देवाने ज्यांस निवडले ते शेवटपर्यंत टिकतील, असे ती मानते. मेथडिस्ट परंपरा मात्र सांगते की, देवाची कृपा प्रत्येकास आधीपासून खुणावीत असते, पण मनुष्य ती नाकारू शकतो आणि मिळालेली गमावूही शकतो. बॅप्टिस्ट व पेंटेकॉस्टल मंडळ्यांत व्यक्तीने स्वतः येशूचा तारणारा म्हणून स्वीकार करणे आणि मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेणे ह्यास महत्त्व आहे. म्हणून त्या बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा तारणाचा विचार न्यायालयातील निवाड्याच्या भाषेत फारसा करीत नाहीत. देवाच्या जीवनात मनुष्याने सहभागी होणे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा आहे (२ पेत्र १:४).

कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक लोक सत्कर्मांच्या बळावर तारण मिळवू पाहतात, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. ट्रेंट महासभेने १५४७ साली आपल्या निर्णयात स्पष्ट केले की, मनुष्यास नीतिमान ठरविणारी कृपा ही देवाची देणगी आहे. त्यापूर्वीचा विश्वास किंवा कर्म ह्यांपैकी कशानेही ती कमावता येत नाही. मात्र देव मनुष्याला निर्जीव वस्तूप्रमाणे उचलून नेत नाही. कृपेने जागे झालेले मन देवाला होकार देते आणि तोही होकार कृपेच्याच साहाय्याने दिला जातो. त्या कृपेने मनुष्य नुसता निर्दोष ठरविला जात नाही, तर आतून नवा होतो. प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास, असे संत पौलाच्या शिकवणीचे सार आहे (गलती ५:६). आणि कर्मावाचून विश्वास निर्जीव होय, असा संत याकोबाच्या शिकवणीचा आशय आहे (याकोब २:१४-२६). ख्रिस्तसभा ह्या दोहोंस एकत्र वाचते.

ह्या नव्या जीवनाचे द्वार म्हणजे बाप्तिस्मा. बालकाला आपण बाप्तिस्मा देतो तो ह्याच कारणास्तव: बालकाने काहीही केलेले नसताना देव त्याला आपले म्हणतो. कृपा ही कमाई नव्हे, हे ह्याहून अधिक स्पष्टपणे कोठे दिसणार? परंतु ह्या बीजाची जोपासना करावी लागते. आईवडील व धर्ममातापिता ह्यांची शिकवण, दृढीकरण, मिस्सा आणि प्रार्थना ह्यांनी ते वाढते. गंभीर पापाने मनुष्य कृपेपासून दूर जाऊ शकतो आणि प्रायश्चित्त संस्काराद्वारे परत येऊ शकतो.

म्हणून ‘तुमचे तारण झाले आहे काय?’ ह्या प्रश्नाचे कॅथलिक उत्तर नव्या कराराप्रमाणेच तिन्ही काळांत द्यावे लागते. ख्रिस्ताने माझे तारण केले आहे (इफिस २:८). ते माझ्यात चालू आहे (१ करिंथ १:१८). आणि शेवटपर्यंत टिकून राहिल्यास ते पूर्ण होईल, अशी मी त्याच्या कृपेवर आशा ठेवतो (मत्तय २४:१३). ह्या उत्तरात गर्व नाही आणि शंकाही नाही.

दोन मराठी जीवनांची साक्ष

ह्या प्रश्नांशी महाराष्ट्रातील दोन थोर व्यक्ती आपापल्या आयुष्यात झुंजल्या. त्या कॅथलिक नव्हत्या, तरीही त्यांच्याकडून पुष्कळ शिकता येते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन परंपरेत झाला. त्यांनी धर्मसिद्धान्त डोळे झाकून स्वीकारले नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचा ह्या विषयावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे ख्रिस्ती धर्म आपणांस लाभला होता, पण स्वतः ख्रिस्त गवसला नव्हता. अनेक इव्हँजेलिकल बांधव ह्यावरून असा निष्कर्ष काढतात की, बाप्तिस्मा हा केवळ बाह्य विधी होय. आपण तसे म्हणत नाही. बाप्तिस्म्यात मिळालेली कृपा पुढे मनुष्याच्या अंतःकरणात जागी झाली, असे आपण म्हणतो. परंतु रमाबाईंचा इशारा आपणांसही लागू आहे: नोंदवहीत नाव असणे आणि ख्रिस्ताशी जिवंत नाते असणे ह्यांत अंतर पडू शकते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि पुढे नगर हीच त्यांची कर्मभूमी झाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा बाप्तिस्मा घेतला नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच त्यांनी तो घेतला. एकाची श्रद्धा दुसऱ्यावर लादता येत नाही, हे त्या संसाराने दाखविले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी असावेत, अशी त्यांची कल्पना होती. कॅथलिक शिकवण बाप्तिस्म्याला ऐच्छिक मानीत नाही. येशूने स्वतः त्याची आज्ञा दिली आहे. तथापि ख्रिस्ताची ओढ बाप्तिस्म्याच्या आधीच मनुष्यात काम करू लागते, हे टिळकांचे निरीक्षण खरे आहे. बाप्तिस्म्याची तयारी करीत असताना मृत्यू आलेल्या व्यक्तीला तिच्या इच्छेमुळेच तारण लाभते, असे ख्रिस्तसभाही शिकविते.

बाप्तिस्मा न झालेल्यांचे काय?

आष्टी परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि पाचसहा महिने फडाजवळच्या कोप्यांत राहतात. तेथे बाळ जन्मले व दगावू लागले, तर धर्मगुरू जवळ असतीलच असे नाही. अशा वेळी कोणीही, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, ख्रिस्तसभेच्या हेतूप्रमाणे बाप्तिस्मा देऊ शकते. बाळाच्या डोक्यावर साधे पाणी ओतावे आणि ओतताना त्याचे नाव घेऊन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो किंवा देते, असे म्हणावे. नंतर आपल्या धर्मगुरूंना कळवून त्याची नोंद करून घ्यावी.

आणि बाप्तिस्म्यापूर्वीच बाळ गेले तर? त्या मातेला कोणी ‘तुझे मूल तरले नाही’ असे म्हणू नये. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात सांगितले आहे की, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत. देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

आपल्या हिंदू, बौद्ध व मुस्लिम आप्तेष्टांविषयीही दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली मार्गदर्शन केले. स्वतःचा दोष नसताना ज्यांस ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांसही तारण लाभू शकते. ते तारणही ख्रिस्ताच्याच द्वारे होते. म्हणून शुभवर्तमान सांगण्याचे आपले कर्तव्य संपत नाही. मात्र कोणाच्या अंतिम गतीचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाही.

समेटाच्या वाटेवर

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ ह्यांनी नीतिमान ठरविले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेस मान्यता देणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपणांस सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, असा तिचा मथितार्थ आहे. सगळे मतभेद मिटले असा दावा तीत नाही. परंतु ह्या मूलभूत सत्यांविषयी एकमेकांना शापित ठरविण्याचे कारण आता उरलेले नाही. २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषदेने तिला संमती दिली, २०१६ साली अँग्लिकन सल्लागार परिषदेने तिच्या आशयाचे स्वागत केले आणि २०१७ साली सुधारणावादी मंडळ्यांचा जागतिक संघ तिच्याशी जोडला गेला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या तिन्ही जागतिक परिवारांशी संलग्न आहे. म्हणजे शेजारच्या मंडळीतील आपल्या नातेवाइकांशी ह्या विषयावर बोलताना आपण परक्यांशी बोलत नसतो.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट बाप्तिस्म्याची. पाण्याने आणि त्र्यैक्याच्या नावाने, योग्य हेतूने दिलेला बाप्तिस्मा कोणत्याही मंडळीत झाला असला तरी ख्रिस्तसभा तो मान्य करते, मग पाणी डोक्यावर ओतलेले असो वा व्यक्तीला पाण्यात बुडविलेले असो. तो पुन्हा देता येत नाही. दुसऱ्या मंडळीतून आलेल्या सुनेला म्हणूनच पुन्हा बाप्तिस्मा दिला जात नाही. आणि त्याच कारणास्तव कॅथलिक व्यक्तीनेही तो पुन्हा घेऊ नये. केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारे काही गट आहेत. अशा वेळी धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट मृतांसाठी प्रार्थनेची. २ नोव्हेंबरला किंवा मासिकाच्या मिस्सात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा प्रॉटेस्टंट नातेवाइकांना वाटते की, आपण ख्रिस्ताचे कार्य अपुरे मानतो. त्यांस नम्रपणे सांगावे की, शुद्धिस्थानातील आत्मे तरलेलेच असतात; देवाच्या भेटीसाठी त्यांची अंतिम शुद्धी होत असते, आणि तीही ख्रिस्ताच्याच कृपेने.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या रीतीची. वाद जिंकण्यासाठी वचनांचा मारा करू नये. जेथे मतभेद आहे तेथे तो स्पष्ट सांगावा, जेथे एकमत आहे तेथे तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे, आणि शेवटी एकत्र प्रभूची प्रार्थना म्हणावी.

बंधुभगिनींनो, भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी दिले काय, हा प्रश्न न्यायाच्या दिवशी प्रभू विचारील, असे मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आपणांस शिकवितो. ज्या कृपेने आपणांस फुकट स्वीकारले, ती आपल्या हातांतून शेजाऱ्यापर्यंत पोहोचावी, म्हणून आपण एकमेकांसाठी प्रार्थना करू या.