गोधडी : छंद आणि देणं

आमच्या भागात गोधडीला तीन नावं ऐकू येतात. गोधडी हे रोजचं नाव, वाकळ हे जुन्या माणसांच्या तोंडचं, आणि हिंदी शेजारातून आलेलं नाव कथरी. लोधीखेडा हे गाव मध्य प्रदेशात, पण घरातली बोली मराठी. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने सावनेर ओलांडलं, राज्याची सीमा पार केली की सौंसरच्या अलीकडे आमचं गाव येतं. 1956 पर्यंत नागपूर आणि आम्ही एकाच राज्यात होतो, 2023 पासून आमचा जिल्हा पांढुर्णा झाला. पाट्या हिंदीत आणि भांडणं मराठीत, असा आमचा कारभार. त्यामुळे एका वस्तूला तीन नावं असणं आम्हाला नवं नाही.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला यातल्या ‘कथरी’चं कुतूहल जास्त. संस्कृतमध्ये चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात. बंगालची प्रसिद्ध कांथा याच शब्दाच्या घरातली. मराठीतही योग्याची, बैराग्याची कंथा आहे. म्हणजे शहरातल्या दुकानात काचेआड लटकणारी महागडी कांथा आणि आमच्या काकूंच्या खाटेवरची कथरी, दोघी तशा जवळच्या नात्यातल्या.

आता गोधडी पुन्हा दिसू लागली आहे. मोबाइलवर तिचे व्हिडिओ येतात, मुली छंद म्हणून शिवायला बसतात. मीही दोन हिवाळे शिवते आहे, शेजारच्या काकूंकडून शिकून. नाताळ जवळ आला की मंडळात ‘काहीतरी दान करू’ अशी चर्चा निघते, तेव्हा गोधडीचं नाव हमखास येतं. म्हणून ती कशी होते, तिला काय लागतं आणि ती देताना कोणता विचार करायला हवा, हे मांडते.

गोधडी, रजई आणि क्विल्ट

तिघींचा गोंधळ होतो. रजईत पिंजलेला कापूस भरतात. तो एका जागी गोळा होऊ नये म्हणून मोठे मोठे टाके घालतात. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये साधारण तीन थर असतात : वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये भरण, खाली अस्तर. गोधडीत वेगळं भरण नसतं. जुन्या कापडाचे थर हेच भरण. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड लुगडं, आणि पोटात धोतर, साडी, चादर, ओढणी, जे असेल ते. हे सगळं एकत्र धरून ठेवायचं काम फक्त धावदोरा करतो. म्हणून गोधडीत टाका सजावटीसाठी नसतो. टाका सुटला की गोधडीच सुटते.

शिवायची कशी

आधी कापड निवडायचं. सुती हवं, आणि जुनं असेल तर उत्तम, कारण कित्येकदा धुऊन ते मऊ झालेलं असतं. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड, त्यामुळे एका लुगड्यात मोठ्या गोधडीची वरची आणि खालची बाजू निघते. थंडीसाठी हवी असेल तर आत तीन-चार थर घाला, नुसती अंथरायला हवी असेल तर दोन पुरतात. सिंथेटिक साडी टाळलेली बरी. ती घाम शोषत नाही आणि इतर थरांवरून घसरते. साडीचा फॉल, जरीचे काठ, टिकल्या, बटणं, हुक आधी उसवून काढायचे. मग सगळं कापड धुऊन कडक उन्हात वाळवायचं. नवं कापड वापरत असाल तर तेही धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि गोधडी आखडते.

मग स्वच्छ फरशीवर खालचं लुगडं अंथरायचं. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आमच्याकडे पाट्याचा वरवंटा, इस्त्री आणि दोन जाड पुस्तकं असतात). एकेक थर हाताने सारखा करत पसरायचा. फाटलेल्या जागेवर आतूनच ठिगळ ठेवायचं. वरचं कापड घातलं की लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर पकडून ठेवायचे. ही पायरी कंटाळवाणी असते, पण ती टाळली तर मधोमध फुगा येतो.

कडा आत दुमडून शिवून घेतल्या की खरी शिवण सुरू होते. बऱ्याच ठिकाणी बायका कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत येतात. चौकोनात चौकोन होत शिवण मध्यावर संपते. त्यामुळे दोघी-तिघी वेगवेगळ्या बाजूंना बसून एकाच गोधडीवर काम करू शकतात. दोन ओळींमधलं अंतर बोटाच्या रुंदीएवढं, आणि टाका सारखा. काकूंनी मला पहिल्या दिवशी सांगितलेला नियम एवढाच : “टाका बारीक घे वं बाई, लेकराचं बोट अडकते.” मोठ्या टाक्यात पायाचं बोट, पैंजण, बांगडी काहीही अडकतं आणि दोरा तुटतो. बारीक टाका दिसायला छान असतो, पण त्याचं पहिलं कारण हे आहे.

टाक्यांचा हिशोब

कोणी गोधडी पाहून “घरीच तर शिवली, जुन्या साड्यांची” असं म्हणालं की मी हा हिशोब सांगते. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडी घ्या. दोन ओळींत एक इंच अंतर धरलं तर 48 ओळी, प्रत्येक ओळ 72 इंचांची. एकूण शिवण 3456 इंच, म्हणजे 288 फूट, सुमारे 88 मीटर. एका इंचात दोन टाके धरले तर जवळजवळ 6900 टाके. सराईत हात मिनिटाला पंधरा टाके घालतो असं समजू. मग निव्वळ शिवणाला साडेसात तासांच्या वर वेळ जातो. यात कापड उसवणं, धुणं, वाळवणं, अंथरणं, सुई ओवणं आणि मान मोडून आली म्हणून उठणं धरलेलं नाही. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर शिवण सरळ दुप्पट.

म्हणजे गोधडीतलं कापड जुनं असतं, फुकट असतं, पण वेळ पूर्ण नवा असतो. गोधडी देणारी बाई खरं तर हा वेळ देते. पुढचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

ज्यांनी शिवून दिलं

बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, यापो गावच्या टबीथाची गोष्ट आहे. तिचंच ग्रीक नाव दुर्कस. ती मरण पावते तेव्हा गावातल्या विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहतात आणि तिने शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवतात. टबीथा काय बोलली हे तिथे कुठेच नाही. तिने काय शिवलं, एवढंच पुढे केलं जातं. एकोणिसाव्या शतकात अनेक चर्चमध्ये गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या बायकांच्या मंडळांना ‘डॉर्कस सोसायटी’ हे नाव पडलं ते हिच्यावरून.

आपल्या विदर्भात चिंध्यांना मान मिळवून दिला तो गाडगेबाबांनी (1876-1956). अंगावर ठिगळांचं वस्त्र असायचं म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. स्वतः चिंध्या नेसून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीसारख्या ठिकाणी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. गोधडीला लागलेला गरिबीचा शिक्का आठवला की मला हे नाव आठवतं.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि तिन्ही घरांतल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्याही कडेकडून मध्याकडे येतात. कॅथलिक बाईच्या कवंदीत कधी क्रूस असतो, मुस्लिम बाईच्या कवंदीत चंद्रकोर. शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी-नागडी दिसते असं त्या मानतात. ती घरातल्या लेकरांसाठी शिवायची वस्तू. पण 2004 मध्ये अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रेवाल यांच्या सहकार्याने सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि 2011 मध्ये या कवंद्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये भरलं. घरच्यांसाठी प्रेमाने शिवायची तीच वस्तू, बाहेर तिचे पैसे घ्यायचे. यात विरोध काहीच नाही.

छंदाचं दान कसं असतं तेही पाहू. अमेरिकेत 1995 मध्ये ‘प्रोजेक्ट लायनस’ सुरू झाला. हौशी बायका-पुरुष घरी पांघरुणं शिवतात, विणतात आणि ती आजारी किंवा संकटातल्या मुलांना दिली जातात. आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये स्थापन केलेली ‘गूंज’ संस्था जुनं कापड गोळा करते. नीट निवडते, दुरुस्त करते, आणि घालता न येणाऱ्या कापडाच्या गोधड्याही करून घेते. कपडा हा अन्न आणि निवाऱ्यासारखाच गरजेचा, पण आपण त्याच्याकडे फक्त पूर आला की पाहतो, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

देताना

आता मंडळाच्या चर्चेकडे येते. दान म्हटलं की घरात कपाट आवरायचा मूड येतो. बाहेर निघतं ते विटलेलं, डाग पडलेलं, चेन तुटलेलं. ते पिशवीत भरून दिलं की आपलं कपाट मोकळं आणि मनही मोकळं. घेणाऱ्याला मात्र कळतं की हे आपल्यासाठी निघालेलं नाही, हे फक्त तिकडून निघालेलं आहे. गोधडीत ही पळवाट चालत नाही. तेच विटलेलं कापड आधी धुवावं लागतं, उसवावं लागतं, आणि मग त्यावर सात-आठ तास मान खाली घालून बसावं लागतं. तोवर ते कोणासाठी आहे हे ठरवल्याशिवाय हात पुढे जात नाही.

म्हणून पहिली सूचना : आधी माणूस ठरवा, मग गोधडी. आमच्याकडे संत्र्याच्या बागेत रात्री राखणीला झोपणाऱ्या माणसाला जाड, गडद रंगाची, मातीत टिकणारी गोधडी हवी. वृद्धाश्रमातल्या आजीला हलकी हवी, कारण जड पांघरूण तिला रात्री स्वतःहून सारता येत नाही, आणि रोज धुणाऱ्या बाईलाही ती पिळता आली पाहिजे. बाळंतिणीसाठी दुपटं करत असाल तर दोन पातळ सुती थर पुरेत. गाठी आत लपवा, वर काहीही चिकटवू-टाकू नका. झोपलेल्या तान्ह्या बाळावर जाड आणि सैल पांघरूण धोक्याचं असतं, म्हणून बाळाची गोधडी जाड करण्याची हौस नको. दवाखान्यात किंवा संस्थेत देणार असाल तर आधी विचारा की त्यांना काय चालतं.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. आमच्या भागात काही बायका मजुरीवर गोधड्या शिवतात. कापड गिऱ्हाइकाचं, हात त्यांचे. आपण हौसेने शिवून फुकट वाटायला लागलो, तर त्यांच्या कामाची किंमत आणखी पडणार नाही का? मी हा प्रश्न काकूंना विचारला. त्या म्हणाल्या, “ज्याच्यापाशी पैसा नाही त्याले द्या ना. ज्याच्यापाशी आहे, त्याले माह्याकडे धाडा.” इतका सोपा निकाल मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता.

त्यातून मला एक मार्ग दिसतो. आपल्यापैकी प्रत्येकाला शिवायला वेळ नाही, आणि सगळ्यांना ते जमेलच असंही नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी शिवावं. ज्यांच्याकडे फक्त कापड आणि थोडे पैसे आहेत, त्यांनी ते कापड अशा एखाद्या बाईकडे नेऊन, तिची पूर्ण मजुरी देऊन गोधडी करून घ्यावी आणि ती गरजूला द्यावी. एकाच गोधडीत दोन घरांना काहीतरी मिळतं. मजुरी ठरवताना तेवढा वरचा हिशोब समोर ठेवा. ‘जुन्या साड्यांचीच तर आहे’ म्हणून घासाघीस करायची, आणि मग तीच गोधडी दान म्हणून मिरवायची, हे बरं नाही. ते दान मग आपलं राहत नाही, त्या बाईच्या खिशातून गेलेलं असतं.

तिसरी सूचना वेळेची. आगमनकाळाचे चार आठवडे गोधडीला अगदी बेताचे पडतात. पहिल्या आठवड्यात कापड जमवणं, उसवणं, धुणं. दुसऱ्यात अंथरणं, कच्चे टाके आणि कडा. तिसऱ्या-चौथ्यात रोज अर्धा तास शिवण. चार-सहा फुटांची एक गोधडी चौघींनी मिळून घेतली तर परीक्षेचा अभ्यास सांभाळूनही होते. एकटीने पहिल्यांदाच घेत असाल तर दीड हात लांब दुपट्यापासून सुरू करा. लागणारं सामान म्हणाल तर लांब सुई, पक्का सुती दोरा, कात्री, आणि बोटात घालायचं अंगुस्तान. बोटाची पर्वा असेल तर अंगुस्तान विसरू नका.

गोधडीवर वाचायचं असेल तर गीता खंडेलवाल यांचं महाराष्ट्रातल्या गोधड्यांवरचं सचित्र इंग्रजी पुस्तक आहे. पण पुस्तकाआधी घरातल्या मोठ्या बाईला विचारा. आजी, मावशी, आत्या, कोणीतरी शिवलेली असतेच. तिचा पहिला टाका कुठून सुरू होतो, ती कडेने येते की सरळ ओळीत, गाठ कुठे लपवते, हे लिहून घ्या. आपल्या मंडळात सांगली, वसई, अमरावती, सौंसर, सगळीकडची मुलं आहेत. प्रत्येकाने आपल्या घरचं नाव आणि घरची पद्धत लिहून आणली तर पुढच्या अंकाला गोधडीच्या शब्दांचा एक छोटा कोश होईल. आणि येताना एक जुनं सुती लुगडंही आणा, धुतलेलं.