भाकरी कुस्करून खाणारा माणूस

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं की सीना ओलांडून मंद्रूप येतं. सीना आणि भीमेमधला हा ज्वारीचा पट्टा. इथं कडक भाकरी आमटीत कुस्करून खाणं ही आवड असते. त्यात आजार कोण शोधणार? पंचाईत होते ती इथंच. अन्ननलिकेच्या गंभीर आजारात सुरुवातीला बहुधा दुखत नाही, घास छातीत अडतो. माणूस त्यावर गुपचूप तोड काढतो. भाकरी जास्त भिजवतो, घासागणिक पाणी पितो, मग भातावर येतो, शेवटी ताक-कण्यांवर. घरचे म्हणतात, "दात गेले, वय झालं." त्यात महिने निघून जातात.

अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटरची, स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता घरंगळत नाही. स्नायूंची लाट त्याला आठ-दहा सेकंदांत जठरापर्यंत ढकलते. म्हणून आडवं पडूनही गिळता येतं. तळाशी स्नायूंचं कडं असतं. घास आला की ते सैल होतं, नंतर घट्ट मिटतं.

हे कडं नको तेव्हा सैल पडलं की जठरातलं आम्ल वर येतं. छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी. पुष्कळांच्या पोटात आम्ल जास्त नसतं, फक्त चुकीच्या जागी पोचलेलं असतं. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच बाजेवर पडणं, सुटलेलं पोट, तंबाखू, जेवल्या जेवल्या वाकून काम करणं, हे सगळं त्याला हातभार लावतं. शेंगाचटणीला सरसकट दोषी ठरवायला मी तयार नाही. तिखट सगळ्यांनाच बाधत नाही, तेलकट मात्र जठरात जास्त वेळ रेंगाळतं. झोपण्याआधी तीन तास जेवण उरकावं, डाव्या कुशीवर झोपावं. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्याव्यात. नुसत्या दोन उशा घेतल्या तर कमरेत वाकून पोटावर दाबच येतो. आणि जळजळीबरोबर घाम, धाप किंवा हात-जबडा दुखू लागला तर पित्त समजून सोडा पीत बसू नये. तो हृदयविकार असू शकतो.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चांगल्या आहेत, पण औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं पाकिटं आणत राहिलं तर तक्रार दबते आणि तपासणी लांबते. अडणाऱ्या घासावर तर त्या गोळ्या उत्तरच नव्हेत.

अडण्यातही फरक असतो. अकॅलेशिया या आजारात नळीतल्या चेतापेशी नष्ट होतात आणि तळाचं कडं उघडतच नाही. अशा रुग्णाला भाकरीइतकंच पाणीही अडतं आणि रात्री न पचलेलं अन्न तोंडात येतं. १६७४ साली इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रुग्णाचं अन्न खाली ढकलण्याची युक्ती नोंदवली. आज फुग्याने ते कडं रुंदावतात किंवा त्याचा स्नायू कापतात; तोही आता तोंडातून दुर्बीण घालून कापता येतो.

कर्करोगात आधी भाकरी अडते, मग भात, सगळ्यात शेवटी पाणी. नळी ताणली जाते, म्हणून भाकरी अडेपर्यंत गाठ बरीच वाढलेली असते. तंबाखू, बिडी, सुपारी, दारू ही ओळखीची कारणं. ६५ अंशांहून गरम पेयांनाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली संभाव्य कारणांत टाकलं. याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी.

दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते. डॉक्टरकडे जाताना "ॲसिडिटी आहे" एवढंच सांगू नये. घास नेमका कुठं अडतो, पाणीही अडतं का, वजन किती उतरलं हे सांगावं. आणि सहा महिन्यांपूर्वी ताटात काय असायचं, आता काय असतं, हेही. ते बहुतेकदा घरच्या बाईलाच नीट आठवतं. तिला सोबत न्यावं.