भीमथडी जत्रेतून काय आणलं? एक हिशोब!



डिसेंबरात आपल्या गटाच्या काही ताईंना घेऊन मी पुण्याला भीमथडी जत्रेला गेले होते. विकायला नाही, नुसतं बघायला. "पैसे खर्चून बघायला कशाला जायचं?" असं मासिक बैठकीत बऱ्याच जणींनी विचारलं होतं. त्याचं उत्तर म्हणून हा लेख.

जत्रा कुणाची?

भीमथडी म्हणजे भीमा नदीच्या थडीचा, म्हणजे काठाचा मुलूख. आपलाच भाग. एके काळी इथली भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती. जत्रा भरते पुण्यात, सिंचननगरच्या मैदानावर, पण भरवते ती आपल्या बारामतीची संस्था. अप्पासाहेब पवार यांनी १९७१ साली सुरू केलेला अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट. सुनंदाताई पवार यांच्या पुढाकारातून ही जत्रा उभी राहिली. गावातल्या बाईनं केलेला माल मधल्या दलालाशिवाय शहरातल्या गिऱ्हाइकाच्या हातात जावा, हा तिचा हेतू.

रांग कुठे होती?

आम्हाला वाटलं होतं, गर्दी वडापावला असेल. पण रांगा होत्या चुलीवरच्या भाकरीला, मासवडीला, खापरावरच्या मांड्यांना आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांना. आमच्यातल्या एक मावशी सुप्याकडच्या जिरायती भागातल्या. त्या शेंगोळ्यांची रांग बघून म्हणाल्या, "अगं, दुष्काळात दुसरं काही नसायचं म्हणून आम्ही हे खाल्लं. पाहुणे आले की लाज वाटून झाकून ठेवायचो!"

हुलगा आणि बाजरी कमी पाण्यावर येतात, म्हणून ती आपल्या कोरडवाहू पट्ट्याची पिकं. कॅनॉलला पाणी आलं, ऊस आला आणि ती ताटातून मागं पडली. आता भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात बाजरी-नाचणीला मागणी वाढली. म्हणजे जे आपण झाकून ठेवत होतो, त्याला आता किंमत आहे. प्रश्न एवढाच, की ती किंमत आपण नीट लावतो का?

आपली चूक कुठे झाली?

मागच्या वर्षी आपल्या एका गटानं अंतर्गत कर्ज घेऊन दुसऱ्या एका ठिकाणी पाच दिवस पिठलं-भाकरीचा स्टॉल लावला. ७० रुपयांना एक ताट, ६०० ताटं गेली. गल्ला ४२,००० रुपये. सगळ्या खूश! पण घरी येऊन वही उघडली तेव्हा चित्र वेगळं निघालं.

- धान्य, किराणा, गॅस : २२,०००
- टेम्पो : ७,०००
- डिश, पाणी : ४,०००
- राहणं-खाणं : ३,०००
- एकूण खर्च : ३६,०००
- उरले : ६,०००

चौघी जणी, पाच दिवस विक्री आणि एक दिवस तयारी, म्हणजे २४ दिवसांचं काम. एकीला दिवसाला पडले २५० रुपये. एक ताई म्हणाल्या, "मॅडम, यापेक्षा खुरपणीला गेलो असतो तर रात्री घरी तरी झोपलो असतो." मला उत्तर देता आलं नाही. कारण भाव ठरवताना मीही तिथंच बसले होते. आम्ही फक्त किराणा धरला होता, ताटामागं साधारण ३७ रुपये, आणि ७० मध्ये दुप्पट सुटतील असं समजलो.

मग भाव कसा काढायचा?

एकूण खर्च ३६,००० भागिले ६०० ताटं म्हणजे ६० रुपये. त्यात आपली मजुरी धरायची. दिवसाला ४०० प्रमाणे २४ दिवसांचे ९,६००, म्हणजे ताटामागं १६ रुपये. झाले ७६. म्हणजे ७० ला विकून आपण प्रत्येक ताटामागं ६ रुपये पदरचे घातले! थोडं अन्न वाया जाणार, गटाला नफाही हवा. तेव्हा भाव ९० ते १०० च्या खाली नको. ज्या ठिकाणी स्टॉलचं भाडं असेल तिथं तेही खर्चात मिळवा.

जत्रेत आम्ही मुद्दाम भाव विचारत फिरलो. नीट भाव लावलेल्या स्टॉलवरही गर्दी होतीच. गिऱ्हाईक बघत होतं ते स्वच्छ हात, डोक्याला टोपी, भावाचा फलक आणि गरम भाकरी.

जाण्याआधी एवढं करा

१. अन्नसुरक्षेची नोंदणी आधीच करून घ्या. त्याचा १४ अंकी नंबर स्टॉलवर लावावा लागतो.
२. पदार्थ दोन-तीनच ठेवा, पण आपल्या भागाचे.
३. गल्ला एकीकडे, वही दुसरीकडे. रोज रात्री हिशोब.
४. मजुरी खर्चात धरा. घरच्या बाईचं काम फुकट नसतं.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं आपल्या एका पदार्थाचा असा हिशोब वहीत मांडून आणा. आणि ताईंनो, हुलग्याचं बी कुणाच्या उतरंडीत अजून असेल तर तेही सांगा. ते आता लागणार आहे.

आपली,
क्षेत्र समन्वयक