हौशी बिनतारी केंद्राचा लॅपटॉप

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि या अनर्थाची वार्ता बाहेर पोचली ती नित्याच्या फेरीवर गेलेल्या एस.टी.चालकास गाव जागेवर दिसले नाही तेव्हा. अशा मुलखात, केंद्रीय दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळविलेल्या हौशी रेडिओचालकाचे, म्हणजे 'हॅम'चे, यंत्र केवळ करमणुकीचे साधन राहत नाही. आणि त्या यंत्राशेजारी आता लॅपटॉप आला असल्याने त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असावी, हा प्रश्नही क्षुल्लक मानता येत नाही.

प्रथम काम मुक्रर करावे, मग त्याचा प्रोग्राम आणि सर्वांत शेवटी सिस्टीम, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ साली प्रचारात आलेल्या 'एफटी८' पद्धतीने अतिक्षीण संदेश पाठवावयाचे असल्यास 'डब्ल्यूएसजेटी-एक्स' हा प्रोग्राम लागतो, आणि तो विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालतो. तो आरंभिणारे जोसेफ टेलर हे पल्सार ताऱ्यांच्या संशोधनासाठी १९९३ चे नोबेल मिळविलेले शास्त्रज्ञ. गोंगाटातून क्षीण स्पंद वेचण्याची जी विद्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे लावून वापरली जाते, तीच येथे गृहस्थाच्या मेजावर उतरली आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. मात्र एफटी८ची प्रत्येक पाळी १५ सेकंदांची असल्यामुळे लॅपटॉपचे घड्याळ सेकंदाहून फार ढळले की संदेश उलगडत नाही, आणि इंटरनेट नसलेल्या खोऱ्यात ते ढळतेच. म्हणून जीपीएसवरून वेळ घेण्याची तजवीज हवी, जी लिनक्सवर मोफत साधनांनी करता येते.

आपत्तीत रेडिओवरून ई-मेल धाडणारा 'विनलिंक एक्स्प्रेस' मात्र विंडोजसाठीच रचलेला आहे. लिनक्सवर त्याच जाळ्यासाठी 'पॅट' आहे. स्पर्धांची नोंद ठेवणारा 'एन१एमएम'ही विंडोजचाच. मॅकवर निवड त्यामानाने मर्यादित.

विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर लिनक्स घालावे, हीच माझी शिफारस. उबुंटूसारख्या प्रकारात यूएसबी केबलमधून रेडिओशी बोलण्यासाठी वापरकर्त्याचे नाव 'डायलआउट' गटात दाखल करावे लागते. नवशिक्याचा खोळंबा बहुधा येथेच होतो. ज्यांच्या मदतपथकात विनलिंक एक्स्प्रेस रूढ आहे, त्यांनी त्याच डिस्कवर विंडोजलाही जागा ठेवावी, आणि मृगापूर्वी एकदा इंटरनेट तोडून, केवळ बॅटरीवर, दोन्ही बाजूंनी संदेश पाठवून पाहावा.