गुळवेलीचे सेवन व घ्यावयाची दक्षता

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत गुळवेल ही काही दुर्मीळ वनस्पती नव्हे. बांधावरच्या कडुनिंबावर ती चढलेली असते आणि तिची दोऱ्यासारखी मुळे हवेत लोंबत असतात. तोडून कुंपणावर टाकलेल्या तुकड्यासही पालवी फुटते. म्हणूनच संस्कृतात तिला 'छिन्नरुहा' हे अन्वर्थक नाव मिळाले आहे. तापात तिचा काढा देण्याची चाल फार जुनी आहे.

तथापि ज्वर आला असता वैद्याच्या सल्ल्याने चार दिवस काढा घेणे निराळे, आणि निरोगी मनुष्याने शक्तिवर्धक म्हणून महिनोन्महिने तो घेत राहणे निराळे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हा भेद पुसला गेला. घरोघरी काढे उकळू लागले, गोळ्या व चूर्णे यांना मोठी मागणी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांना यकृतास सूज आलेले सहा रुग्ण आढळले. ते सर्व गुळवेल घेत होते. त्यांचा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुढे देशातील १३ रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची पाहणी केली. सेवन सुरू केल्यापासून साधारणतः दीड महिन्याने त्यांना त्रास जाणवू लागला होता. सेवन थांबविल्यावर बहुसंख्य बरे झाले. परंतु ज्यांचे यकृत पूर्वीच रोगग्रस्त होते, त्यांची स्थिती अधिक बिघडली.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती काय, हे आधी ठरविले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. कारण गुळवेलीच्याच कुलातील 'टिनोस्पोरा क्रिस्पा' नावाची एक वेल दिसण्यात तिच्याशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. खऱ्या गुळवेलीची वरची साल कागदासारखी पातळ असून ती सोलली की आत हिरवे खोड दिसते. पान हृदयाकृती व गुळगुळीत असते. दुसरीच्या करड्या खोडावर चामखिळीसारखे असंख्य फोड असतात व ते कापल्यास दुधट चीक येतो. वाद कोणत्याही बाजूने सुटो, घेणाऱ्याचे यकृत त्याची वाट पाहत बसत नाही. ओळख पटल्यावाचून वेल तोंडात घालू नये, आणि ओळख पटली तरी मात्रा व मुदत वैद्याकडून ठरवून घ्यावी, हेच श्रेयस्कर होय.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि यकृताचा विकार असलेल्यांनी गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांचीही तीच गोष्ट. गुळवेलीने रक्तातील साखर आणखी उतरण्याचा संभव असतो. संधिवातासारख्या ज्या रोगांत शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, त्यांत ती शक्ती वाढविण्याचा उपाय अपायकारक ठरू शकतो. लहान मुलांना शेजाऱ्याच्या सांगण्यावरून काढा पाजणे तर सर्वथा टाळावे. बाजारातील डबी घेताना परवाना क्रमांक व अंतिम मुदत पाहावी. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ती औषधी उपयोगासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. ते वाचण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात.

शाळेच्या परसबागेत गुळवेल असल्यास शिक्षकांनी मुलांना तिचे पान, साल व लोंबणारी मुळे अवश्य दाखवावी. चव मात्र घेऊ देऊ नये. पालकसभेत पुढील लक्षणे सांगावी : अन्नावरील वासना उडणे, मळमळ, अंगास कंड सुटणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे. यांपैकी काही दिसल्यास सेवन तत्काळ थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पुष्कळ लोक तेथे गोळ्यांची नावे सांगतात, परंतु काढ्याविषयी बोलत नाहीत; कारण तो त्यांना औषध वाटतच नाही. म्हणून उरलेले चूर्ण किंवा वेलीचा तुकडाच सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवावा.