खात्याचे पहिले पान

आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारी एक मुलगी मागच्या महिन्यात घरी आली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय इतिहास आणि अर्थशास्त्र. आईवडील दर वर्षी दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. तिच्या हातात एक गाईड आणि एक मळकी वही होती. म्हणाली, "काका, आर्थिक इतिहासाचा प्रकल्प करायचाय. गाईडात सगळं इंग्रजांचंच धोरण आहे. आपल्या बीडला तर इंग्रजांचं राज्य नव्हतंच ना?"

मी चपापलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात, हेच दोन विषय घेऊन मी बी. ए. झालो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इतिहासाच्या तासाला लढाया आणि तह, अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठा, आणि या दोहोंच्या मधे आर्थिक इतिहास बेवारशासारखा उभा. परीक्षेपुरती त्याची गाठ पडे, तीही 'टीपा लिहा' या सदरात.

त्यातली 'दख्खनचे दंगे' ही टीप मला आजही पाठ आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडे भाव चढला आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. सरकारी सारा मात्र वाढला आणि कर्ज डोक्यावर राहिले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंग्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले, कर्जरोखे जाळले गेले. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. एवढे लिहिले की गुण पदरात पडत.

त्या कायद्यातील मर्माची गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. रोख्यावर आकडा आहे आणि खाली अंगठा आहे, एवढ्यावर न्यायाधीशाने निकाल देऊ नये. व्यवहार सुरू झाला तेव्हापासूनचा त्याचा इतिहास तपासावा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढावे, असे तो कायदा सांगत होता. म्हणजे न्यायाधीशानेच आर्थिक इतिहासकार व्हावे! प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आमचा आष्टी तालुका नगर आणि सोलापूर या दोन्ही जिल्ह्यांना खेटून आहे. पण तो निजामाच्या राज्यात. शिवेपलीकडच्या शेतकऱ्याला जो कायदा मिळाला, तो अलीकडच्याला मिळाला नाही. हे आमच्या टिपेत कधी आले नाही.

तीच गोष्ट रुपयाची. माझी आजी अखेरपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' असा भेद करी. आम्ही पोरे हसायचो. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली दिले की सहा कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, तरी हाली नाणे १९५० च्या दशकापर्यंत चलनात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला; त्याआधी १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तव्यवहारावर प्रबंध लिहिला. धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२४ चा. आर्थिक इतिहासाची एवढी दांडगी परंपरा आपली. पण आजीच्या तोंडचे 'हाली' हासुद्धा त्याच विषयाचा धडा आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

याची किंमत मी पुढे बँकेत मोजली. खरे म्हणजे मी नाही, माझ्या खातेदारांनी. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा १९५४ चा अहवाल मी परीक्षेसाठी घोकला होता. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा एक टक्कासुद्धा नाही. मॅनेजरच्या खुर्चीत बसलो आणि ते आकडे विसरलो. मार्च आला की शाखेत 'नवे-जुने' सुरू होई. शेतकरी सावकाराकडून चार दिवसांच्या बोलीवर पैसे आणी, जुने पीककर्ज भरी आणि लगेच नवे उचलून सावकाराला देई. आमच्या दफ्तरी तो 'नियमित कर्जदार'. चार दिवसांचे व्याज आमच्या कोणत्याच रकान्यात नसे. वसुलीचा टक्का पाहून वरून शाबासकी येई आणि मी ती घेत असे. मी खात्याची शेवटची ओळ वाचत होतो. पहिले पान उघडायला शिकलोच नव्हतो.

म्हणून त्या मुलीला म्हटले, गाईड बाजूला ठेव, वही उघड. वही वडिलांची. मुकादमाकडून घेतलेली उचल, आठवड्याचा खर्च, खाड्यांची वजावट आणि दर हंगामाच्या शेवटी एकच शब्द, 'बाकी'. ती पुढच्या वर्षीच्या डोक्यावर. आम्ही मागे मागे जात राहिलो. पहिली पाने फाटलेली होती. तिने आईला फोन लावला. आईने सांगितले ते असे : २०१२ च्या दुष्काळात बोअर घेतला, पाणी लागले नाही, ते पैसे फेडायला पहिली उचल घेतली. म्हणजे उसाच्या कर्जाची पहिली नोंद कोरड्या बोअरची निघाली.

असे कागद घरोघरी आहेत. १९५४-५५ ची खासरा पत्रके तालुक्याच्या दफ्तरात आहेत. निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद पेट्यांतून पडून आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कला शाखेत 'काही जमत नाही म्हणून' येणाऱ्या आमच्या पोरांना हे वाचायला शिकवले, तर ती पदवी बिनकामाची कोण म्हणेल? घरच्या कर्जाची कुळकथा सांगू शकणारे पोर 'आमच्या नशिबातच होतं' असे म्हणणार नाही.

तिच्या प्रकल्पाला किती गुण मिळतील, ते परीक्षक जाणोत. पण यंदा उचल घेण्याआधी वडील मुकादमाशी हिशेबाला बसतील, तेव्हा ती वही घेऊन शेजारी बसणार आहे. फाटलेल्या पानांच्या जागी तिने नवे पान शिवले आहे.